दोन गोलकीपर, एक जागा

मी आयुष्यात एकही मुलाखत दिलेली नव्हती. शाळेत घालायला नेलं तेव्हा बाईंनी नाव विचारलं होतं, ती एक धरायची तर धरा. पण तिथेही मी आईच्या पाठीमागे जाऊन रडले आणि नाव आईनेच सांगितलं. तरीही सहा वर्षं मी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात मुलामुलींना मुलाखत कशी द्यायची ते शिकवत होते. पोहता न येणाऱ्याने काठावर उभं राहून ‘हात मार, पाय मार’ असं सांगावं, तसा तो प्रकार. फरक एवढाच, की काठावरच्या माणसाला निदान पाणी दिसत असतं.

त्या विभागात मी आले ती टायपिंगला. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या बदली. तेव्हाचे विभागप्रमुख एके काळचे वजन उचलणारे. कंबर कायमची धरल्यामुळे ते बसत नसत. कागद उभ्याने वाचत, सही उभ्याने करत आणि निर्णयही उभ्याउभ्याच घेत. एक दिवस वरून पत्र आलं, की खेळाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत, तरी त्यांची तयारी करून घ्यायला विभागाने एक मार्गदर्शक नेमावा. सरांनी पत्रावरून मान वर करून खोलीभर नजर फिरवली. खोलीत मी होते, दारातून बाहेर पडणारा शिपाई होता आणि कोपऱ्यात तीन भाले उभे होते. “तुम्ही बोलता बऱ्यापैकी,” सर मला म्हणाले. “मुलांना बोलायला शिकवा.” झाली नेमणूक. शिपाई माझ्यापेक्षा छान बोलायचा, पण तोवर तो जिन्यापर्यंत पोचला होता.

खोली मिळाली ती सामानाची. एका बाजूला गुंडाळलेल्या गाद्या, वर जाळीत टांगलेले चेंडू, आणि मधोमध उड्या मारायचा एक चामडी घोडा. तो घोडा बाहेर काढायला चार माणसं लागत, आणि चार माणसं एका वेळी रिकामी सापडत नसत, म्हणून मी त्याच्यावर एक फळी टाकून त्याचंच टेबल केलं. खोलीला रबराचा आणि दुखऱ्या पायांना चोळायच्या मलमाचा वास होता. संध्याकाळी घरी गेले की नवरा विचारायचा, आज कुठे मुरगळलं.

मुलांना शिकवायचं काय, हा प्रश्न मी दाताच्या डॉक्टरकडे सोडवला. तिथे बाहेर बसले असताना एका जुन्या मासिकात मुलाखतीत यशस्वी होण्याची पाच वाक्यं सापडली. आत नाव पुकारेपर्यंत मी ती पाकिटावर उतरवून घेतली. मी संघात मिसळून काम करतो. मी हार पचवतो. मी वेळ पाळतो. मला शिकायची आवड आहे. आणि दोष विचारला तर, मी स्वतःवर जरा जास्तच मेहनत लादतो. मोठ्या अक्षरात लिहून हा कागद मी गाद्यांच्या वर लावला आणि सहा वर्षं तो दाखवत राहिले. माझी सगळी विद्या एका दाढेच्या दुखण्याएवढी होती.

परिणाम व्हायचे ते झाले. एकदा व्हॉलीबॉलचा अख्खा संघ एकाच विमा कार्यालयात मुलाखतीला गेला. पाचव्या मुलाने ‘मी हार’ एवढं म्हणताच साहेबांनीच ‘पचवतो’ म्हणून टाकलं, आणि सहाव्याला आत बोलावलंच नाही. एका वजन उचलणाऱ्याला विचारलं, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. तो म्हणाला, एक्क्याऐंशी किलोच्या गटात. पोहणाऱ्या एका मुलीला विचारलं, तुमच्यात दोष काय. ती माझं वाक्य विसरली आणि म्हणाली, डावा खांदा. हे सगळं मी वार्षिक अहवालात ‘मुलाखतीचा अनुभव मिळाला’ या सदरात घालत असे. चेंडूत हवा भरायचा पंप न्यायला जे येत, त्यांनाही मी ‘मार्गदर्शन घेतले’मध्ये धरत असे, कारण पंप देताना मी त्यांना ताठ उभं राहायला सांगत असे.

मग उभे राहणारे सर निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. या बसत. बसत म्हणजे अहवाल पुढ्यात घेऊन बसत आणि वाचत. हा धक्का आम्हा सगळ्यांनाच नवा होता. तीन महिन्यांनी त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, की मार्गदर्शकाची जागा आता कायम झाली आहे, त्यामुळे जाहिरात द्यावी लागेल आणि मुलाखती होतील. माझी तात्पुरती नेमणूक महिनाअखेरीला संपते. “तुम्ही अर्ज जरूर करा,” बाई म्हणाल्या. त्या ‘जरूर’मध्ये दार उघडं होतं, पण ते कुठल्या बाजूने उघडं होतं ते मला कळेना.

घरी सांगितलं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देणं हा त्याच्या कामाचाच भाग, त्यामुळे तो कशानेच दचकत नाही. तो म्हणाला, सोपं आहे, जे शिकवतेस तेच जाऊन म्हण. मग त्याने उठून टीव्ही लावला, कारण मी काय शिकवते ते त्याला ठाऊक होतं.

आमच्याच इमारतीत दोन मजले वर माझी नणंद राहते. वयाने धाकटी, अधिकाराने थोरली. मोठ्या दवाखान्यात मुख्य परिचारिका आहे, आणि घरी आली तरी आधी खिडक्या उघडते आणि मग बोलते. तिने खिडकी उघडून विचारलं, “वहिनी, अजून कोण कोण आहे शर्यतीत?” मला माहीत नव्हतं. “ते आधी काढ,” ती म्हणाली. “रोग्यापेक्षा रोगाची माहिती हवी.”

मला ती जागा हवी होती. नवऱ्याचं आणि माझं पोट तिच्यावर अवलंबून होतं असं मुळीच नाही. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी, घरात माणसं दोन. पण सकाळी साडेनऊला केस विंचरून घराबाहेर पडायला मला ती जागा हवी होती. जिन्यात कुणी विचारलं, निघालात का, तर हो म्हणायला हवी होती. आणि दिवसातून चाळीस वेळा कुणीतरी ‘मॅडम’ म्हणावं, याची सहा वर्षांत इतकी सवय लागली होती की रविवारी घरात नुसतं ‘अगं’ ऐकून मला कमी लेखल्यासारखं वाटे. एक्कावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण मला उभं करणार होतं? माझ्याकडे पाच वाक्यं होती, आणि ती आता गावातल्या सगळ्या साहेबांना पाठ झाली होती.

अर्ज केला. दुसऱ्याच दिवशी दुपारी भिंत आली.

भिंत म्हणजे हँडबॉलच्या संघाची जुनी गोलकीपर. दोन वर्षांपूर्वी पदवी घेऊन बाहेर पडलेली. उंच, रुंद खांद्यांची, बोलायला कमी. तिच्या अंगावर चेंडू आपटून परत जायचे म्हणून पोरींनी हे नाव ठेवलं, आणि पुढे शिक्षकही हजेरीला ते म्हणायला लागले. माझ्याकडे पाच वाक्यं शिकलेल्यांतली ती एक. वाक्यं तिने नीट पाठ केली होती, पण ती म्हणताना तिचा चेहरा असा व्हायचा, की जणू दुसऱ्याचा डबा चुकून उघडला आहे.

ती गादीवर बसली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाली, “मॅडम, मी पण अर्ज केलाय.”

मी विचारलं, कुठे.

“इथेच. तुमच्या जागेला.” मग जरा थांबून तिने पुढचं सांगितलं. “तयारी करून घ्याल का माझी?”

मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण भिंत चेष्टा करत नाही, तिला तो खेळ येत नाही. तिने मला समजावून सांगितलं, की त्यांच्या संघात गोलकीपर दोन असतात आणि जागा एकच. सामन्याला एक उभी राहते, दुसरी बाकावर. पण सराव दोघींनी एकमेकींनाच द्यायचा, कारण बाकीच्या पोरी आपापल्या कामात. रोज सकाळी तासभर एकीने दुसरीला चेंडू मारायचे, मग दुसरीने पहिलीला. हात राखून मारले तर समोरची बिघडते, आणि समोरची बिघडली की तिच्याकडून मिळणारा सराव बिघडतो, म्हणजे शेवटी आपणच बिघडतो. तिने तीन वर्षं जिला सराव दिला, तिनेच शेवटच्या वर्षी तिची जागा घेतली होती. हे तिने बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

“तुम्ही माझी तयारी घ्या, मी तुमची घेते,” ती म्हणाली. “नाहीतर तुमची तरी कोण घेणार?”

हे खरं होतं. माझी कोण घेणार? आणि नाही म्हटलं असतं तर मी घाबरले हे दिसलं असतं. सहा वर्षं मी मुलांना भीती चेहऱ्यावर दिसू देऊ नका असं सांगत आले होते, ते एवढ्यासाठीच, की माझ्या चेहऱ्यावर ती लगेच दिसते. मी म्हटलं, ये उद्यापासून, चार वाजता.

घरी नणंदेने कपाळावर हात मारला. म्हणाली, आमच्याकडे ऑपरेशनच्या टेबलावरचा रोगी डॉक्टरला सुरी धुऊन देत नाही. नवरा म्हणाला, निदान ती मुलगी सांगून तरी आली. न सांगता आली असती तर?

पहिल्या दिवशी आम्ही घोड्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या. आधी तिने मला विचारायचं ठरलं. तिने वहीसुद्धा आणली नव्हती. सरळ माझ्याकडे बघून विचारलं, तुमच्याकडून गेलेल्या एका मुलाचं सांगा, तो आता काय करतो, आणि त्यात तुमचा हात किती. मी घसा साफ केला आणि सांगितलं, की मी संघात मिसळून काम करते.

भिंत म्हणाली, “मॅडम, हा चेंडू तुम्ही बघितलाच नाहीत. आधीच हात वर केलेत.”

पुन्हा विचारलं. मी सांगितलं, की मला शिकायची आवड आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, की मला माहीत नाही, कारण गेलेलं मूल पुन्हा खोलीत आलं तर ते पंप न्यायलाच. तिने मान डोलावली. म्हणाली, हे बरं होतं. मला काही ते बरं वाटलं नाही, पण तिचा आवाज एखाद्या चांगल्या अडवलेल्या चेंडूबद्दल बोलावं तसा होता.

असे आठ-दहा दिवस गेले. रोज चारला ती येई, तासभर मला प्रश्न मारी, मग मी तिला. मी दमून घरी जाई. नवरा म्हणायचा, आता खरोखर मुरगळलेली दिसतेस. गंमत अशी, की मला ते आवडायला लागलं होतं. सहा वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी शिकत होतं, आणि ती मी होते.

मग मी तिला विचारायचं ते विचारलं. पदवीनंतर दोन वर्षं काय केलंस?

“अकरा मुलाखती दिल्या. अकरा ठिकाणी नाही म्हणाले,” ती म्हणाली. “मग बुटांच्या दुकानात लागले. खेळाच्या बुटांच्या. अजून तिथेच आहे.”

मी म्हटलं, तिथे काय करतेस?

तिने सांगितलं, पाय मोजते. खाली बसून पाय मोजताना माणसं बोलतात. आमच्या विभागातली पोरं बूट घ्यायला तिथेच येतात, मुलाखतीच्या आधी जास्त. मग ती त्यांना विचारते, कुठे चाललास, काय काम आहे, ते काय विचारतील, तुला त्यातलं काय येतं. अकरा ठिकाणी काय विचारलं होतं ते तिला सगळं आठवतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की एकेकाची अर्धा-अर्धा तास तयारी घेते. पाय मोजायच्या पट्टीवर उभं करूनच. जाऊन आल्यावर ते परत सांगायला येतात. तो विमावाला संघ पुढे तिच्याकडेच गेला होता. त्यांतल्या चौघांना वेगवेगळ्या ठिकाणी काम मिळालं, आणि चौघंही अजून टिकून आहेत. एक व्यायामशाळेत आहे, एक शाळेत खेळ शिकवतो, दोघं एका गोदामात पाळीवर देखरेख करतात. नावं, ठिकाणं, तारखा, सगळं तिला तोंडपाठ.

“इथून निघाली की तिकडे येतात,” ती म्हणाली. मग तिला वाटलं असावं, मला लागलं. “वाटेतच आहे दुकान,” असं तिने जोडलं.

मी ऐकत होते. ऐकता ऐकता मला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, माझ्या अहवालात जी चार-दोन खरी नावं होती ती हिची होती. आणि दोन, हे तिने मुलाखतीत असंच सांगितलं, तर मला घरी बसायला लागणार.

फळीवरची धूळ मी पट्टीने एका रेषेत ओढली आणि म्हटलं, “दुकानाचं काढून टाक. पाय मोजणं वगैरे चांगलं दिसत नाही. आणि अकरा नकार तर मुळीच नको. त्यांना वाटेल, अकरा जणांनी नाकारली ती आपण का घ्यावी? दोन वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला म्हण.”

“बरं,” ती म्हणाली, आणि अर्जाच्या प्रतीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली.

हा सल्ला चुकीचा नव्हता असं मी बसथांब्यापर्यंत स्वतःला सांगितलं. सगळे हेच सांगतात. मासिकातही बहुधा हेच असतं. माझं नाव लवकर पुकारलं नसतं तर सहावं वाक्य हेच असतं. बसमध्ये मला बसायला जागा मिळाली, तीही खिडकीची, आणि तरी माझा घाम निघत होता.

घरी नणंद होती. तिला सांगितलं, तर तिने पहिल्यांदाच माझ्या पाठीवर हात ठेवला. “शहाणी झालीस, वहिनी,” ती म्हणाली. “याला म्हणतात वागणं.” सव्वीस वर्षांच्या संसारात या बाईने माझं एकही कौतुक केलं नव्हतं, ना स्वयंपाकाचं, ना मुलीच्या मार्कांचं. तिने कौतुक केलं तेव्हाच मला कळायला हवं होतं, की आपल्या हातून काहीतरी वाईट घडलंय. कळलंच. नवरा ताट उचलताना एवढंच म्हणाला, की लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाहेरच्याने घाईघाईत चुकीचं बटण दाबू नये, कारण वर जाईल की खाली ते आतल्याला कळत नाही. मी म्हटलं, सरळ बोल. तो म्हणाला, सरळच बोललो.

पुढचे चार दिवस भिंत आली नाही. दुकानात माल यायचा होता म्हणे. मी रोज चारला घोड्याच्या या बाजूला बसून राहिले. चार वेळा मनात आलं, बसने दुकानात जावं आणि सांगावं. चारही वेळा काहीतरी महत्त्वाचं काम निघालं. एकदा मी चेंडू मोजले.

मुलाखतीच्या दिवशी आम्हाला वरच्या मजल्यावरच्या लांब बोळात बसवलं होतं. एक लाकडी बाक, समोर दार. उमेदवार पाच होते. दोघं आधीच जाऊन आले होते, एक बाई पाठांतर करत येरझारा घालत होत्या. बाकावर मी आणि भिंत. तिने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि पायात दुकानातलेच बूट असावेत, पण पुसलेले. तिसरं नाव तिचं होतं, चौथं माझं.

मी म्हटलं, “अगं, ऐक. मी तुला दुकानाचं काढायला सांगितलं होतं ना, ते चुकीचं सांगितलं. तेच सांग. अकरा नकारही सांग.”

ती माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. उलट माझ्याबद्दल काळजी वाटावी तशी बघत होती.

“ते मी सांगणारच होते, मॅडम.”

“म्हणजे? तू तर रेघ मारलीस.”

“रेघ मारली ती खुणेची. खोडायची नव्हती.” मग तिने आवाज जरा खाली आणला. “चेंडू मारणारी ज्या कोपऱ्यात मारणार असते ना, त्या कोपऱ्याकडे ती बघत नाही. मुद्दाम दुसरीकडे बघते. तुम्ही इतके दिवस प्रत्येक प्रश्न माझ्या तोंडाकडे बघून विचारलात. दुकानाचं बोललात तेव्हा पट्टीकडे बघत होतात. तेव्हाच मला कळलं, की माझ्याकडे हे एकच भारी आहे.”

मी विचारलं, मग मला तेव्हाच का नाही बोललीस.

“सरावात बोलायचं नसतं,” ती म्हणाली. “सरावात अडवायचं.”

तेवढ्यात दार उघडलं आणि तिला आत बोलावलं. ती बराच वेळ आत होती. एकदा आतून हसण्याचा आवाज आला. आतले सगळेच हसले असावेत. येरझारा घालणाऱ्या बाई थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. मी छताकडे बघितलं. बोळात खांबाला एक घड्याळ होतं, पण ते बंद होतं, त्यामुळे मला नेमका किती वेळ लाज वाटली ते सांगता येणार नाही.

मग मी आत गेले. आमच्या विभागप्रमुख बाई, विद्यापीठाचे एक अधिकारी आणि बाहेरून बोलावलेले एका कारखान्याचे कामगार अधिकारी. बसा म्हणाले, बसले. नाव विचारलं, आणि या खेपेला ते मी स्वतः सांगितलं. इथवर ठीक होतं.

कामगार अधिकाऱ्यांनी विचारलं, मुलं तुमच्याकडून तयारी करून बाहेर पडतात, त्यानंतर ती कुठे जातात?

माझ्या घशापाशी ‘मी संघात’ येऊन उभं राहिलं. मी ते गिळलं. ते गिळल्यावर आत दुसरं काहीच नव्हतं. जे खरं होतं तेवढंच उरलं होतं. मी म्हटलं, “बुटांच्या दुकानात.”

तिघांनीही माना वर केल्या. मग मी सगळं सांगितलं. मी वाक्यं देते, मुलं ती घेऊन निघतात, वाटेत दुकान आहे, तिथे एक मुलगी ती वाक्यं बाजूला ठेवायला लावते आणि त्यांना विचारते, तुला येतं काय. चौघं तिच्यामुळे लागले. अहवालात ती नावं माझ्या कामाखाली आली आहेत, कारण अहवाल मी लिहिते. विभागप्रमुख बाईंनी विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे. मी म्हटलं, पाच दिवसांपासून. त्यांनी विचारलं, आणि ती मुलगी उमेदवार आहे हे? ते आधीपासून, मी म्हटलं, आम्ही एकमेकींची तयारी करून घेतली.

तिला मी दुकान लपवायला सांगितलं होतं, ते मात्र बोलले नाही. खरेपणालाही काही मर्यादा असते, आणि समोर तिघं होते.

बाहेर आले तर भिंत बाकावर थांबलेली. कसं गेलं म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, चेंडू बघितला. ती म्हणाली, “मग बास.” आम्ही दोघी जिना उतरलो. खाली ती दुकानाकडे वळली, मी बसथांब्याकडे.

चार दिवसांनी फलकावर कागद लागला. तिचं नाव होतं. नणंद खाली आली, खिडकी उघडली, आणि कुणी सांगितलं होतं खरं बोलायला, एवढं विचारून खिडकी पुन्हा बंद करून गेली. नवऱ्याने त्या संध्याकाळी मला दोनदा ‘मॅडम’ म्हणून हाक मारली. पहिल्यांदा मी चिडले. दुसऱ्यांदा मला हसू आलं, आणि हसताना मधेच रडूही आलं, पण ते त्याला दिसायच्या आत मी उठून गॅसकडे गेले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी खोलीचा ताबा दिला. किल्ली, चेंडूंची यादी, पंप. भिंतीने चार पोरं कुठूनशी गोळा केली आणि तो चामडी घोडा दहा मिनिटांत बाहेर नेला. सहा वर्षं मला जी चार माणसं सापडली नाहीत, ती तिने एका हाकेत आणली. त्या जागी एक साधं टेबल आलं, त्यावर फोन. मी पर्स उचलली.

“थांबा,” ती म्हणाली. “बसा.”

ती टेबलाच्या त्या बाजूला बसली, मी या बाजूला. तिने कोरा कागद घेतला, वर तारीख घातली आणि विचारलं, “मॅडम, तुम्हाला काय येतं?”

मी म्हटलं, हा काय पोरखेळ. ती वाट बघत राहिली. तिला घाई नसते. ती गोलात उभी राहून वाढलेली आहे. मी विचार केला. टायपिंग येतं, पण ते आता सगळ्यांना येतं. शिकवता येत नाही, ते सिद्ध झालं होतं.

“फोन करता येतो,” मी शेवटी म्हटलं. “मुलांच्या कामासाठी मी एकेका कार्यालयात आठ-आठ वेळा फोन करायचे. साहेब नाहीत म्हणाले, तर कधी येतील ते विचारायचे. जेवायला गेले म्हणाले, तर काय जेवतात तेही काढून घ्यायचे. लाज नाही वाटत मला त्याची.”

तिने लिहिलं. मी उलट्या बाजूने वाचलं: लाज न वाटता आठ वेळा फोन करते. सुधारून लिहायला माझा हात शिवशिवला, पण मी कागद तिच्याकडेच राहू दिला.

तिने खणातून वर्तमानपत्राचा एक तुकडा काढला. मोठ्या सार्वजनिक वाचनालयाला चौकशीच्या खिडकीवर बसायला माणूस हवं होतं. तिने तुकडा माझ्यापुढे ठेवला आणि फोन माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, आत्ता? ती म्हणाली, नंतर दुकानं बंद होतात. वाचनालय म्हणजे दुकान नव्हे हे मी तिला सांगणार होते, पण मला कळत होतं, की मी पट्टी शोधतेय.

मी नंबर फिरवला. तिकडे कुणी उचलेना. मी ठेवला, पुन्हा फिरवला. तिसऱ्या खेपेला एका माणसाने उचलला आणि म्हणाला, हो, जागा आहे, कुणासाठी विचारताय?

सहा वर्षांत या प्रश्नाचं उत्तर मी शेकडो वेळा दिलं होतं. आमची एक हुशार विद्यार्थिनी आहे, आमचा एक मेहनती मुलगा आहे. या वेळी त्यातलं एकही लागू नव्हतं. पलीकडचा माणूस म्हणाला, हॅलो. मग विचारलं, उमेदवाराचं वय काय?

मी समोर बघितलं. भिंत माझ्या तोंडाकडे बघत होती, दोन्ही हात टेबलावर, जरा पुढे झुकून.

“एक्कावन्न,” मी म्हटलं. “आणि उमेदवार मीच बोलतेय.”